पुलापलीकडचं पहिलं घर

मांजर सोडायचं असेल तर पाणी ओलांडून सोडावं, नाहीतर ते वास काढत घरी परततं, हे आमच्या नागपुरात शेंबडं पोरही सांगेल. मारायची तर कोणाची छाती होत नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, आणि ज्याची सोन्याचं मांजर द्यायची ऐपत आहे त्याच्या घरचे उंदीर-मांजर बघायला नोकर असतात. तेव्हा इतवारीतले किराणावाले काय आणि महालातल्या बाया काय, सगळे मांजर पोत्यात घालायचे, नाग नदीचा पूल ओलांडायचे आणि पूल संपल्यावर जे पहिलं घर लागेल त्याच्या दारात पोतं ठेवून मागे न बघता निघून जायचे. पाप नाही, खर्च नाही, आणि ब्याद दुसऱ्याच्या दारात.

ते पहिलं घर रंभाबाईंचं. समोरच्या दोन खोल्यांत मी राहायची आणि कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवायची. मी दर रविवारी मटण शिजवणारी. त्यामुळे रंभाबाई माझ्या घरचं पाणी घेत नसत, बातम्या मात्र सगळ्या घेत.

त्यांच्या नवऱ्याची तेलघाणी होती. नवरा गेला, बैल विकला, आणि मागच्या अंगणातला घाणीचा लांब कौलारू मांडव रिकामा पडला. पहिलं पोतं दारात आलं तेव्हा रंभाबाईंनी ते त्या मांडवात नेऊन मोकळं केलं. मग दुसरं आलं. फुकटची सोय एकाला सापडली की गावाला सांगायला दवंडी लागत नाही. बघता बघता लोक त्या मांडवाला मांजरखाना म्हणायला लागले आणि पोती थेट नाव विचारत यायला लागली.

रंभाबाईंचं सासर-माहेर दोन्ही महानुभाव. पंथाचा उपदेश घेतलेलं घर. मांस-मच्छीचं नाव नाही, चुलीत लाकूड सारायच्या आधी त्या ते जमिनीवर आपटून मुंग्या झाडून घ्यायच्या. देवघरात चांदीच्या डबीत विशेष होते. देवाच्या स्पर्शाने पावन झालेल्या वस्तूंना पंथात विशेष म्हणतात आणि त्यांना जिवापलीकडे जपतात. रंभाबाईंच्या सासूबाईंनी मरताना ती डबी धाकट्या मुलाला न देता थोरल्या सुनेच्या हातात दिली होती. बाईला आयुष्यात मान मिळाला तो एवढाच, पण तो फार मोठा होता.

आता अशा घरात मांजरं म्हटल्यावर ती उंदीर मारणार, चिमण्या धरणार. त्याचं पाप कोणाच्या माथी? यावर तोड काढली नत्थूजींनी. नत्थूजी म्हणजे रंभाबाईंचे धाकटे दीर, इतवारीत धान्याची अडत, राहायला जुन्या शुक्रवारीत. माणूस सरळ, देवभोळा, वहिनीला आईच्या जागी मानणारा. त्यांनी बारीक जाळी आणली आणि स्वतः शिडीवर चढून सगळ्या मांडवाला ठोकून दिली. आत मांजरं, बाहेर चिमण्या. आत दोन्ही वेळ दूध आणि ज्वारीच्या भाकरीचा काला. पंथातले कोणी साधू आले की नत्थूजी त्यांना मांडवापाशी नेत आणि अभिमानाने सांगत की इथल्या मांजरांनीही हिंसा सोडली आहे.

मला ते जरा जास्तच वाटायचं. मांजराला उपदेश देऊन कोणी साधू केलंय का? पण मांडव लख्ख सारवलेला असायचा, मांजरं उबेत असायची, कुत्र्यांचं भय नव्हतं. पूर्वी पुलाखाली मेलेली पिल्लं दिसायची, ती दिसेनाशी झाली होती. मी तोंड मिटून घेतलं.

पहिली आंधळी झाली चंद्री. ती आणि भुरी एकाच पोत्यातून आलेल्या बहिणी. भुरी लहानपणीच जाळीच्या फटीतून निसटली आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला कवडू ढिवराच्या टोपलीपाशी राहायला गेली. हा कवडू खापा गावचा, कन्हान नदीच्या मासोळ्या घेऊन रोज सकाळच्या मोटारीने यायचा आणि दुपारपर्यंत पुलाच्या कठड्याशी बसायचा. पाणी ओलांडलेलं मांजर परत जात नाही हा नियम भुरीला कोणी सांगितला नव्हता. चंद्री आतच राहिली. रंभाबाईंची ती लाडकी, कारण बाईंनी मांडवात पाय टाकण्याआधीच ती ओळखून दाराशी येऊन बसायची.

एका सकाळी रंभाबाईंनी सारवायचं म्हणून काल्याची परात रोजच्या जागेवरून हलवून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. सगळी मांजरं तिकडे गेली. चंद्री जुन्या जागी गेली, जमीन हुंगली आणि तिथेच उभी राहिली. रंभाबाईंनी हाक मारली तशी वळली आणि खांबावर आपटली. भर उन्हात तिच्या डोळ्यांची बुबुळं काळीभोर, पसरलेली होती. रंभाबाईंनी तिच्यासमोर बोट हलवलं. पापणी लवली नाही.

त्यानंतर एक एक करून बाकीच्यांचेही डोळे जायला लागले. एक बोका उडी मारायला गेला आणि भिंतीवर आदळला. एक तांबूस मांजरी, चांगली तरणी, दिवसभर एकाच जागी बसायला लागली. पिल्लं व्हायची ती मेलेली, नाहीतर दोन-चार दिवसांची सोबती. रंभाबाईंनी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतले, तुपाचं काजळ घातलं, गवळ्यावर संशय घेऊन गवळी बदलला. जावेने, म्हणजे देवकीने, मांजरखान्यालाच दृष्ट लागल्याचं सांगितलं, तर दारावरून मिरच्या उतरून टाकल्या. काही म्हणता काही उपयोग झाला नाही. रोज सकाळी दार उघडताना त्यांचा हात कडीवर थांबायचा. आज कोणाचे गेले असतील, हे बघायची हिंमत गोळा करायला वेळ लागायचा.

आता गल्लीत कुजबुज सुरू झाली. नळावर बाया म्हणायला लागल्या की हा रोग पोरांना लागेल. एकीने तर कुत्री धरणारी कॉर्पोरेशनची गाडी बोलवायची भाषा केली. तिच्याच सासूने मागल्या साली दोन पोती या दारात टाकली होती, हे मी तिला चारचौघींत ऐकवलं. ती गप्प झाली, पण गाडीची गोष्ट काही गेली नाही. गाडी आली तर मांजरं कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चंद्रीला टोपलीत घालून सायकलरिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रंभाबाई बरोबर आल्या. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. त्याने बॅटरीचा उजेड पाडून डोळे बघितले, मग खाणं काय देता ते विचारलं. रंभाबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, नुसतं हेच? वरून उंदीर, पाखरू काही? रंभाबाई जवळजवळ अभिमानाने नाही म्हणाल्या. त्याने बॅटरी बंद केली. म्हणाला, मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मांसाशिवाय जगणारं मांजर मी बघितलेलं नाही. मासे द्या, खाटकाकडचे तुकडे द्या, आणि बघा. या मांजरीची नजर आता परत यायची नाही. बाकीच्यांची कदाचित वाचेल.

येताना रिक्षात टोपली त्यांनी मांडीवर घेतली. पुलावर चढ आला तसा रिक्षावाला उतरून ओढायला लागला. कठड्यावर भुरी बसली होती, केस तुकतुकीत, वर तारेवर बसलेल्या पाखरावर नजर खिळलेली. पाखरू हललं की तिची मान हलायची. रंभाबाईंच्या मांडीवरच्या टोपलीत तिची बहीण चंद्री तोंड भलतीकडे करून बसली होती. त्या आळीपाळीने दोघींकडे बघत राहिल्या. डॉक्टरने सांगितलं नव्हतं एवढं त्यांना तिथे कळलं, आणि मला वाटतं त्याच वेळी त्या मनातून घाबरल्या.

संध्याकाळी नत्थूजी आले. रंभाबाईंनी काही लपवलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, कान तिकडेच.

"वहिनी, एका जिवाचे डोळे राखाले रोज धा जीव मारायचे, हा कोणता धर्म?" ते म्हणाले.

  मासा काय हसत मरतो? नत्थूजींचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं जड होतं. त्यांनी पुढे एवढंच सांगितलं की या उंबऱ्याच्या आत मासोळीचं खवलं जरी आलं, तरी त्यांना या घरचं पाणी घेता येणार नाही, आणि ज्या हातांनी मच्छी धरली त्या हातांनी विशेषांना शिवता येणार नाही. रागाने नाही सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

पुढचे दिवस कसे गेले ते मी पाहिलंय. इकडे आड तिकडे विहीर. बाईंचं जेवण तुटलं. जाळी काढून मांजरं मोकळी सोडावीत, तर आंधळी मांजरं गल्लीतल्या कुत्र्यांच्या तोंडी जाणार. कोंडून ठेवावीत, तर उरलेलीही एक एक आंधळी होणार. मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मी काय करून राहिली वं? वाचवून राहिली का मारून राहिली?" मी म्हटलं, मी देते रोज मासे आणून, तुम्ही हात लावू नका. तर त्या माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, माझं पाप तू काहून करशील? विकत घेतलेल्या पुण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, तर उसन्या पापावर कसा बसणार?

मग ते पोतं आलं. थंडीतली सकाळ होती, मी शाळेत निघाले होते. रंभाबाई दारात उभ्या होत्या आणि पायापाशी पोतं, आत काहीतरी वळवळत होतं. त्यांनी सुतळी सैल करून आत पाहिलं. मीही वाकून पाहिलं. दोन पिल्लं, पिवळसर, टपोऱ्या डोळ्यांची. उजेड आत आला तशी दोघांनी एकदम वर बघितलं.

रंभाबाईंनी सुतळी परत आवळली.

इतक्या वर्षांत त्यांनी एकही पोतं परत बांधलं नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, एका हातात पोत्याचं तोंड घट्ट धरून. आत घेतली तर आंधळी होणार. नाही घेतली तर समोर कोपऱ्यावर कुत्री ताटकळत होतीच. पोतं हलत होतं, आतून बारीक आवाज येत होता. शाळेची घंटा चुकणार हे मला कळत होतं, पण पाय उचलेना. पिल्लांनी वर बघितलं ते मलाच सोसलं नव्हतं, त्यांना कसं सोसणार?

"मास्तरीणबाई, धरजो हे," असं म्हणून त्यांनी पोतं माझ्या हातात दिलं. घरात गेल्या आणि पितळी परात घेऊन बाहेर आल्या. काल्याचीच परात. पदर डोक्यावरून घेतला आणि पुलाकडे चालू लागल्या.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सगळी गल्ली बघत होती, मी पोतं घेऊन मागोमाग. पुलाच्या टोकाला त्या कवडूसमोर उभ्या राहिल्या. कवडू बिचारा उठून बाजूला सरला, टोपलीची सावली त्यांच्या अंगावर पडू नये म्हणून. त्याला वाटलं बाई चुकून इकडे आल्या. त्यांनी परात पुढे केली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, माय, तुमी नका शिवू, मी आणून टाकतो दारात. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. त्याने मासोळ्यांच्या मुंड्या परातीत टाकल्या. परत येताना परात उघडी होती. त्यांचे ओठ नामस्मरणात हलत होते. ते स्मरण कोणासाठी चाललं होतं, मांजरांसाठी की माशांसाठी, मी कधी विचारलं नाही.

मांडवात शिरल्यावर आधी काही झालं नाही. त्या मांजरांना तो वास ठाऊकच नव्हता. मग चंद्रीने मान वर केली. नाक हललं. आणि मग जे झालं त्याने मीही दचकले. गुरगुर, फिस्कारणं, झटापट. वर्षानुवर्षं मेणासारखी बसून राहिलेली ती मांजरं एकदम मांजरं झाली. रंभाबाईंनी एक मुंडी उचलून चंद्रीच्या तोंडाशी धरली, तर तिने बोटासकट चावा घेतला. रक्त आलं. बाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"एवढी उपाशी होती माई लेकरं," त्या म्हणाल्या, "आन मी पोट भरलं समजत होती."

पिल्लांना मीच पोत्यातून काढलं. शाळा बुडाली ती बुडाली.

नत्थूजींना बातमी कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ते आणि देवकी दोघं आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. पण रंभाबाई तयार होत्या. त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली होती, केस ओले होते. चांदीच्या डबीला हात न लावता, देवघरातल्या पाटासकट ती उचलून त्यांनी दिरापुढे आणली.

"देव घेऊन जा, भाऊजी. त्याइले माया हात आता चालत नाही. ह्याइले मायाशिवाय दुसरा हात नाही."

नत्थूजींनी उपरण्यात डबी घेतली.  देवकी रडत होती. जाताना दोघांनी वहिनीला वाकून दंडवत केला, पण पाणी घेतलं नाही. सासूने हातात ठेवलेला मान रंभाबाईंनी स्वतःच्या हाताने उंबऱ्याबाहेर दिला. मला त्या दिवशी नत्थूजींचा फार राग आला होता आणि देवाचाही.

नंतरची वर्षं तशीच गेली. रोज सकाळी कवडूकडून मुंड्या यायच्या, कधी खाटकाकडची छाट. रंभाबाई मागच्या दगडावर बसून स्वतः चिरायच्या. प्रत्येक वेळी आधी हात जोडायच्या. मग राखेने हात धुवायच्या, परत धुवायच्या, आणि रिकाम्या देवघरासमोर लांब बसून स्मरण करायच्या. स्वतः मात्र दूध-भाकरीच खायच्या. नत्थूजींकडच्या लग्नाचं बोलावणं आलं, तर त्या बाहेरच्या मांडवात बसून आल्या.

पण मांजरांचे डोळे जायचे थांबले, आणि गल्लीतली गाडीची भाषाही. ती दोन पिवळी पिल्लं मोठी झाली आणि कौलांवरून खारींवर डोळे वटारायला लागली. रंभाबाईंनी भिंतीला फळ्या मारून घेतल्या, उन्हाची जागा मोकळी केली, आणि जाळीत एक झडप कापली. ज्यांना दिसतं ती जायची-यायची. आंधळ्यांसाठी त्यांनी मांडवातली एकही वस्तू जागची हलवायची नाही असा दंडक घातला. मी एकदा केरसुणी भलतीकडे ठेवली, तर आठ दिवस बोलणी खाल्ली. चंद्री त्या जगात अशी फिरायची की नवख्याला आंधळी वाटूच नये.

पुढे एका हिवाळ्यात रंभाबाईंना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं. मी शाळेआधी मांजरांचं करून जायची. एक दिवस शाळेत तपासणी होती, भल्या पहाटेच जावं लागलं, म्हटलं लवकर येईन. यायला दुपार टळून गेली. पुलावरून जवळजवळ धावतच आले. मांजरं उपाशी असतील, आणि बाई उठायचं बघतील.

घरात शिरले. पलंगापाशी चौरंगावर चांदीची डबी होती. वहिनीचं दुखणं जास्त आहे असं ऐकून नत्थूजी एकटेच देवाचं दर्शन घडवायला घेऊन आले होते. पण खोलीत ते नव्हते. रंभाबाईंनी मान डबीकडे झुकवलेली होती आणि दोन्ही हात गोधडीखाली घट्ट दाबून धरले होते, चुकून लागू नयेत म्हणून. मला बघून त्यांनी डोळ्यांनी मागे खूण केली.

मी मांडवाशी गेले. नत्थूजी मध्यभागी उभे होते. धोतर वर खोचलेलं, उपरणं नाकाला बांधलेलं, हातात ती पितळी परात. कवडूने दारात ठेवलेल्या मुंड्या. सकाळपासून म्हणे मांजरं ओरडत होती, वहिनी दोनदा पलंगावरून उतरायला गेली आणि दोनदा तिचा तोल गेला. घरात तिसरं माणूस नव्हतं. परात त्यांनी हातभर लांब धरली होती आणि मांजरं त्यांच्या धोतराला लोंबकळत होती.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "यातली आंधळी कोणती? तिले कसं देतात?"

मी चंद्री दाखवली. म्हातारी होऊन ती आपल्या ठरल्या कोपऱ्यात बसली होती, गडबड न करता, आपली पाळी येणार हे ठाऊक असल्यासारखी. मी पुढे होऊन परात घ्यायला गेले, तर त्यांनी दिली नाही. ते उकिडवे बसले. दोन बोटांनी एक मुंडी उचलली आणि तिच्या तोंडाशी धरली. तिने आधी त्यांचा हात हुंगला, अनोळखी म्हणून मागे सरली, मग पुढे झाली. ती खात होती तोवर ते तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"मी जाळी ठोकली तवा हिले दिसत होतं," ते म्हणाले.

 मला त्यांचा इतकी वर्षं राग होता, तो त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

त्यांनी सगळ्या आंधळ्यांना भरवलं. मग टाक्यावर बसून राखेने हात धुतले, परत धुतले, नाकाशी नेले आणि तिसऱ्यांदा धुतले. आत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रंभाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, सांज होईल. देव घेऊन निघा आता."

नत्थूजी चौरंगापाशी गेले. डबीकडे हात नेला आणि तिथेच थांबवला. आपल्या ओल्या हातांकडे बघितलं.

"कोण्या हातानं नेऊ, वहिनी?" ते म्हणाले.

मग ते पलंगाशेजारी खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं, त्या घरचं. मी माठातलं तांब्याभर आणून दिलं. ते पीत होते तेव्हा रंभाबाईंनी गोधडीखालून दोन्ही हात बाहेर काढले.